चौतीस सेंटिमीटरांचा कोनाडा

३ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीचं पत्र आलंच शेवटी. मार्चअखेर कासाब्लांकातला आमचा मजला बंद. सगळ्यांनी टँजरला जायचं — नाहीतर घरून काम. घरून करायचं तर स्वतःचा संगणक हवा, दोन पडदे हवेत, तारेचं इंटरनेट हवं. लॅपटॉप चालणार नाही! का, ते विचारायची सोय नाही. दहा मार्चला परीक्षा. आठ तास संगणक सलग चालला पाहिजे, ते तिकडून बघत बसणार. एकदा जरी बंद पडला तरी टँजर.

चौदा वर्षं मी फ्रान्समधल्या लोकांची गाऱ्हाणी फोनवर ऐकतेय. फुटलेले नळ, चेपलेल्या गाड्या, कुत्र्याने फाडलेला सोफा. विम्याचं काम. ते करायला टँजरला कशाला जायला हवं?

आईला जेवतानाच सांगितलं. शुक्रवार म्हणून वाफवलेल्या रव्याचा कुसकुस होता. एकाच ताटात ती भोपळ्याच्या फोडी माझ्या बाजूला सरकवत होती, नेहमीसारखी. म्हटलं, "टँजरला जावं लागलं तर येशील माझ्याबरोबर?"

"मी? ह्या वयात? तू जा गं. माझं काय, मी आहे इथे बरी."

झालं. मला माहीतच होतं. तीन वर्षांपूर्वी जवादने, माझ्या धाकट्या भावाने, लियाँहून फोन करून बोलावलं होतं, तेव्हाही हेच उत्तर. आई हे घर सोडणार नाही, हे आम्हां सगळ्यांना पाठ आहे. ज्या घरात बाबा गेले तिथून ती कशाला हलेल?

आणि मी तिला एकटी ठेवणार नाही. गेल्या वर्षी मोरीत पडली तेव्हा पाऊण तास तशीच पडून होती. खालच्या बतूलने हाक ऐकली म्हणून! टँजर गाडीने दोन तासांवर, पण पाऊण तास पडून राहायला दोन तासांचं अंतर पुष्कळ झालं.

तर ठरलं. संगणक. ह्याच घरात. दहा मार्चच्या आत. संगणकातलं मला एवढंच कळतं — बटण कुठे असतं!

४ फेब्रुवारी

जागेचा प्रश्न. सलोनमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, तीन भिंतींना लागून गाद्या, भरतकामाच्या उशा, पितळी तबकात चहाचे पेले — आणि माणूस एकही नाही. पाहुणे येतील म्हणून आम्ही त्या खोलीत बसत नाही. बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर तिथे धड कोणी बसलेलं मला आठवत नाही, त्याला अकरा वर्षं झाली. तिथे टेबल लावू का, हे मी तोंडातूनही काढलं नाही. जीव प्यारा आहे.

झोपायच्या खोलीत खिडकीशी आईचं शिवणयंत्र. एकाहत्तराव्या वर्षीही जेलाब्यांची, त्या पायघोळ झग्यांची, रेशमी बटणं वळते, तीही डोळे मिटून.

उरला स्वयंपाकघराबाहेरच्या बोळातला कोनाडा. तिथे बाबांचा रेडिओ असतो. आईच्या टेपने मापलं. रुंदी चौतीस सेंटिमीटर, उंची चाळीस, खोली छत्तीस. रेडिओचं कसं सांगावं, ह्या विचारात मी उभी — तर तिनेच तो उचलला, पदराने पुसावा तसा जेलाब्याच्या बाहीने पुसला आणि कपाटावर ठेवून दिला. मला भरून आलं.

मग म्हणाली, "लहानच घे हां. एका हाताने उचलता येईल असं. मोठं धूड नको आणूस."

घराची शोभा! दुसरं काय असणार तिच्या मनात.

११ फेब्रुवारी, शनिवार

दर्ब गल्लेफच्या बाजारात गेले. पत्र्याची छपरं, वर तारांचं जाळं, आणि माणसाला चंद्रावर पाठवता येईल इतकं जुनं सामान. सहा दुकानं फिरले. पाच जणांनी तयार डबा गळ्यात मारायचा प्रयत्न केला. सहावा मबारक, सगळे आदराने सी मबारक म्हणतात. साठीचा, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, अजून एका डोळ्याला ते भिंग लावूनच बसतो. माणसाकडे बघतानाही काढत नाही.

"काय हवंय?"

"लहान हवा, स्वस्त हवा, आवाज नको, तापायला नको, दोन पडदे चालवायला हवा आणि आठ तास बंद पडायला नको."

"म्हणजे आखूडशिंगी, बहुदुधी," म्हणाला. "लाथ मारली तर चालेल का?"

मग चहा मागवला. मी म्हटलं, नको, धन्यवाद. त्याने भिंग वर सरकवलं.

"एवढंच?"

"म्हणजे?"

"एकदाच नको? अगं, पहिल्यांदा तू नको म्हणायचं, मी आग्रह करायचा. दुसऱ्यांदा तू नको म्हणायचं, मी शपथ घालायची. तिसऱ्यांदा तू घ्यायचा. तू तर पहिल्यालाच दार लावून घेतलंस! फ्रान्सात वाढलीस का?"

दर्ब सुलतानमध्ये, ह्याच शहरात वाढले, म्हटलं. आणि निमूट चहा घेतला. गोडमिट्ट.

आणि माणूस हुशार निघाला. पाच हजार दिऱ्हम आहेत म्हटलं तर हसला नाही. कागदावर लिहून दिलं, काय जुनं घ्यायचं, काय नवं. मदरबोर्ड आणि प्रोसेसर जुने चालतील — "त्यांना म्हातारपण उशिरा येतं." चित्र दाखवायची सोय प्रोसेसरच्या पोटातच असलेला घ्यायचा, म्हणजे वेगळं कार्ड नको, जागा वाचली. डिस्क मात्र नवी — "दुसऱ्याची चप्पल घाल, दुसऱ्याची डिस्क घेऊ नकोस." आणि पॉवर सप्लायमध्ये एक पैसा वाचवायचा नाही. तो गेला तर सगळ्यांना घेऊन जातो.

पण लहान डब्यातलं सगळंच महाग! लहान मदरबोर्ड महाग, लहान पॉवर सप्लाय महाग. हा कुठला न्याय?

१२ फेब्रुवारी

आईला सांगितलं, लहान असून महाग! ती म्हणाली, "मग? पोराच्या कफ्तानाला कापड कमी लागतं म्हणून शिलाई कमी घेते का मी? उलट डोळे जास्त फुटतात." चला, एकीला तरी कळलं.

रविवार म्हणून टँजरहून रहमामावशीचा फोन. आईची सख्खी थोरली बहीण. दोघी मिळून एकशे चव्वेचाळीस वर्षांच्या, पण फोनवर चौदा-चौदाच्या. आई कोणाशीही अशी हसत नाही. स्वयंपाकघराचं दार लावून घेते आणि आतून नुसतं खिदळणं!

१५ फेब्रुवारी

कामावर निघाले तर आई भाकरीचं पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "टँजरला अजून तो पूर्वेचा वारा सुटतो का गं? कपडे उडवून नेणारा?"

बिचारी. मी जाईन म्हणून धास्तावली आहे. मी मागून मिठी मारली. म्हटलं, "नाही जात मी कुठे! कशाला त्या वाऱ्याची काळजी करतेस?"

तिने पिठाचा गोळा जोरात आपटला.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आज खरेदी. आईने हट्टच धरला, मी येणार. गुडघा दुखत होता, तरी आली. काठी टेकत, बाजारातल्या प्रत्येकाला सलाम करत — जणू मी तिला नेत नसून तीच मला शाळेत पोचवतेय.

सी मबारकने पाच-सहा रिकामे डबे — तो कॅबिनेट म्हणतो — मांडले. मी मापं बघत होते. आई एकेक उचलून बघायला लागली! एका हातात, मग दुसऱ्या हातात, जरा हलवून.

"हा जड."

बायकांना आदराने म्हणतात तसं तो म्हणाला, "लल्ला, संगणक घेताय की कोंबडी?"

"कोंबडी असती तर पोट दाबून बघितलं असतं. हा दुसरा दे."

शेवटी तिनेच निवडला. काळा, ॲल्युमिनियमचा, भाकरीच्या दोन टोपल्या एकावर एक ठेवाव्यात एवढा. रुंदी चोवीस. वर जाळी. किंमत ऐकून मी मागे सरले, तर तिने सी मबारकला बायको, मुलं, वडिलांचा आत्मा, सगळ्यांची खुशाली विचारत विचारत दीडशे दिऱ्हम खाली आणलं. चहाही प्यायली. दोनदा नको म्हणून, तिसऱ्यांदा. सी मबारक माझ्याकडे भिंगातून बघत म्हणाला, "शिक!"

बोर्ड, प्रोसेसर, नवी डिस्क, आठ-आठच्या दोन रॅम, छोटा पॉवर सप्लाय. दोन जुने पडदे. एकाच्या कोपऱ्यात ओरखडा आहे, तिथे मी फ्रेंच लोकांचे पत्ते येऊ देणार नाही.

टॅक्सीत आईने डबा मांडीवर घेतला. मी म्हटलं, दे इकडे. "असू दे," म्हणाली, "काही जड नाही."

१९ फेब्रुवारी

स्वतः जोडणार! सी मबारकने कागदावर क्रम काढून दिलाय. सलोनच्या फरशीवर — हो, सलोनच्या, आईनेच सांगितलं, "तिथे उजेड आहे" — चादर अंथरून सगळं मांडलं. आई शेजारी, चष्मा लावून. बारीक स्क्रू तिने लावले. माझ्या बोटांतून निसटत होते, तिच्या बोटांना रेशमी बटणांची सवय.

सगळं बसलं. फक्त प्रोसेसरवरचा पंखा बसेना. साडेनऊ सेंटिमीटर उंच, आणि डब्यात सात मावतात. झाकण लागतच नाही! सी मबारक मापायला विसरला आणि मीही. आणि मी म्हणे घराचा कोनाडा मिलिमीटरपर्यंत मापला होता! हातातला स्क्रूड्रायव्हर फेकला. उशीवर. आईने तो उचलून परत माझ्या हातात दिला.

"झाकण लागत नाही म्हणून रडतेस? तुझ्या लग्नाच्या कफ्तानाचा गळा मी तीनदा उसवला होता."

"आणि लग्न मोडलं ते मोडलंच."

"गळा मात्र छान बसला होता."

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. सत्ताविसाव्या वर्षी मोडलेलं लग्न, आज एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा हसू आलं त्यावर.

२१ फेब्रुवारी

पंखा बदलून मिळाला. बुटका. सी मबारकने वरचे पैसे घेतले नाहीत. "चूक माझी. घड्याळजीने उंची विसरावी!" — चहा. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा घेतला. टाळ्या वाजवल्या त्याने!

२२ फेब्रुवारी

चालला!!! बटण दाबलं, पंखा गुणगुणला, दोन्ही पडदे उजळले. आईने अशी काही जीभ नाचवत आरोळी दिली, लग्नघरात देतात तशी, की बतूल खालून धावत वर आली. कोणाचं ठरलं, म्हणे!

कोनाड्यात असा बसलाय की जणू कोनाडा त्याच्यासाठीच कोरला होता. झाकणाच्या वर वीतभर जागा रिकामी. मी कितीदा जाऊन बघून आले. पडदे मात्र भिंतीपलीकडे झोपायच्या खोलीत, आईच्या यंत्राशेजारी.

२६ फेब्रुवारी

गच्चीवर गेले तर आईची जिरेनियम गायब. रंगाच्या डब्यांत लावलेली सातही. विचारलं तर म्हणाली, "बतूलला दिली. रोज कोण जिना चढणार?"

गुडघा वाढलाय म्हणायचा. ती सांगत नाही. वीस वर्षांची झाडं देऊन टाकली आणि आवाजात काही नाही. मनात म्हटलं, गिझलान, तू राहतेयस ते बरोबरच करतेयस.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

आज रजा टाकून परीक्षेची तालीम केली. सकाळी आठला सुरू. अकराला बंद! आपोआप. काळोख. खोलीतूनच आईला बटण दाबायला सांगितलं, चाळीस मिनिटांत पुन्हा बंद. दुपारनंतर मात्र छान चालला.

१ मार्च

आज पुन्हा तसंच. चालू ठेवून कामावर गेले, तर आईचा फोन: सकाळी बंद, दुपारी ठीक. सी मबारकला कामावरून तीन फोन. तो म्हणतो पॉवर सप्लाय असू शकतो, रॅम असू शकते, बोर्ड जुना आहे, तोही असू शकतो. म्हणजे काहीही असू शकतं! दुपारची जेवणाची सुट्टी रडण्यात गेली. नऊ दिवस राहिले.

घरी आले तर आई यंत्रावर काही शिवत होती. कोणाच्या तरी कफ्तानातून उरलेलं हिरवं जरीचं कापड, आत जाड अस्तर. संगणकाला अंगरखा! ह्या घरात गॅसच्या सिलिंडरलाही अंगरखा आहे, तेव्हा आश्चर्य नाही. पण ह्याला वर दोन कान शिवलेत, चांगले जाड, दुहेरी शिवणीचे.

"आई, संगणकाला कान कशाला?"

"असू देत. धरायला बरे."

मला इतकं गलबलून आलं. बंद पडणाऱ्या डब्याला जरीचा अंगरखा! ती माझ्यासाठी जे जमेल ते करतेय आणि मला एक डबा आठ तास चालवता येत नाही.

४ मार्च, शनिवार

सी मबारक स्वतः घरी आला. झाकण काढलं, भिंग लावलं, पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं. बोट पांढरं. त्याने चाटून बघितलं!

"लल्ला गिझलान, हे पीठ आहे."

"काय?"

"गव्हाचं. जरा जाडसर."

आम्ही दोघांनी हळूच वळून आईकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात.

तर असं आहे. रोज सकाळी खमीर घालून पीठ मळून झालं की आई गोळ्यांचं तबक ब्लँकेटात गुंडाळून कुठेतरी ऊबेला फुगायला ठेवते. हिवाळ्यात नेहमीच पंचाईत. ह्या यंत्रातून वरून छान ऊब येते हे तिच्या लक्षात आलं! आणि कोनाड्यात वर वीतभर जागा. तेव्हा रोज दहा वाजता तबक, ब्लँकेटासकट, थेट जाळीवर. दुपारी भाकऱ्या गल्लीतल्या भट्टीवर भाजायला काढल्या की यंत्र बरं!

"पण अर्ध्या तासात फुगतं!" आई म्हणाली. "भट्टीवालाही विचारत होता, लल्ला झुबिदा, हल्ली भाकरी इतकी हलकी कशी?"

सी मबारक जमिनीवर बसला आणि पोट धरून हसला. मी ओरडणार होते. खरंच ओरडणार होते. चार रात्री झोपले नव्हते. पण आईचा चेहरा इतका ओशाळला होता की मीही जाऊन तिच्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

"तुझी नोकरी माझ्या पिठात बुडाली असती," ती म्हणाली.

"भाकरी मात्र खरंच हलकी होती," मी म्हटलं.

सी मबारकने ब्रशने पीठ झाडलं, जाताना त्याच भाकऱ्यांतल्या दोन घेऊन गेला. तिसऱ्या आग्रहाला.

५ मार्च

आठ तास. एकदाही बंद नाही. पिठाचं तबक सलोनमध्ये, पाहुण्यांच्या गादीवर, ब्लँकेटात. अकरा वर्षांनी सलोनला पाहुणा मिळाला!

१० मार्च, शुक्रवार

परीक्षा. सकाळी आठ ते दुपारी चार. आई बोळातून चपला काढून चालत होती. बतूलला सांगून ठेवलं होतं, खाली खलबत्ता कुटायचा नाही. शुक्रवार असून कुसकुस नाही, कारण वाफेची भीती! दुपारी दोनला पंख्याचा आवाज जरा वाढला. आईने येऊन एका पुठ्ठ्याने वारा घातला. वरून. जाळीवर. वेडी.

चार वाजले. चालूच होता.

१३ मार्च

मंजुरी आली! "कर्मचाऱ्याने देशात कुठूनही, तारेचं इंटरनेट असलेल्या जागेतून काम करावं." मी नाचत आईकडे गेले. म्हटलं, "आता कुठेही जायला नको! तू आणि मी, इथेच, कायमचं!"

"अल्हम्दुलिल्लाह," म्हणाली. आणि पुन्हा रवा चाळायला लागली.

आरोळी नाही. संगणक नुसता सुरू झाला तेव्हा अख्खी इमारत हलवली होती, बतूलच्या भाच्याला गाडीचा परवाना मिळाला तेव्हाही दिली होती. आज नाही. आणि तो हिरवा अंगरखा घडी करून कपाटात, खालच्या कप्प्यात. मी म्हटलं, घाल ना ह्याला आता, रात्री बंद करून घालू. तर म्हणाली, "राहू दे. इथे काय धूळ आहे?"

दमली असेल.

१५ मार्च, बुधवार

बतूल धापा टाकत वर आली. हातात जिरेनियमचा डबा.

"घे बाई तुझ्या आईची झाडं. अजून सहा आहेत, तू आण. पंधरा-वीस दिवस पाणी घातलं, आता म्हणते परत दे, जात नाही आम्ही."

"कुठे जात नाही?"

"कुठे म्हणजे? टँजरला! बहिणीच्या गल्लीतच घर बघून ठेवलं होतं त्या दोघींनी. रमजानचा पहिला उपास एकत्र सोडायचा म्हणून नाचत होती. लग्नानंतर बावन्न वर्षांनी!"

मी डबा खाली ठेवला. "बतूल, मी तिला विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. ती नाही म्हणाली."

बतूल माझ्याकडे बघत राहिली. वेड्याकडे बघावं तशी.

"कितीदा विचारलंस?"

मी एक बोट वर केलं.

"मला म्हणाली होती, पोरगी अजून दोनदा विचारेल, तोवर झाडं देऊन टाकते. मग काय, तूच सांगितलंस ना परवा, इथेच, कायमचं? आता आईने स्वतःहून म्हणायचं, मला ने? लेकीच्या गळ्यात पडायचं?"

"पण बाबांचं घर... तिला हे सोडवणार नाही..."

"अकरा वर्षं त्या रेडिओकडे बघत बसलीय एकटी, तू कामावर गेलीस की. ते काय आवडीने?"

ती गेली. मी जिन्यातच बसले. एकदा. मी एकदाच विचारलं होतं, तेही भोपळा खाता खाता. जवादनेही एकदाच. चौदा वर्षं फ्रेंच लोकांचं 'नाही' ऐकून मला वाटायला लागलं की नाही म्हणजे नाही! ते एकदा म्हणतात आणि फोन ठेवतात. आणि मीही तसाच ठेवला, माझ्या आईवर.

पूर्वेचा वारा. एका हाताने उचलता येईल असं. टॅक्सीत मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं मी तिच्यासाठी राहतेय! सगळीकडे माझंच ऐकू आलं मला. फार लाज वाटली. आणि तिच्यावर इतकी माया आली की वर जाऊन तिच्यासमोर उभं राहवेना. सहा डबे एकेक करून आणले, म्हणजे तेवढा वेळ मिळाला.

१६ मार्च

सकाळी पीठ मळताना विचारलं, आई, टँजरला जायचं? म्हणाली, "नको गं, आता ह्या वयात." चहा ओतताना विचारलं. "तू तुझं बघ. माझं ओझं कशाला?" मग पेला खाली ठेवला, तिचे पिठाचे हात धरले आणि तिसऱ्यांदा विचारलं.

तिने हात धुतले. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तो दोन कानांचा हिरवा अंगरखा काढला, संगणक त्यात घालून बघितला, कान धरून एका हाताने उचलला.

"गाडीत मी घेईन मांडीवर," म्हणाली.